तेदुह म्हणजे गार

इंडोनेशियातल्या सेमाऊ बेटावर फुकटचं शहाणपण वाटणारे पुष्कळ आहेत, पण मेसाख नाल्लेइतका उदार कोणी नाही. कधीकाळी तो गावप्रमुखाचा मदतनीस होता. पद गेलं, ताठा तेवढा राहिला. समुद्रातली शेवाळाची शेती त्याच्या नावावर, राबायची मात्र बायको, ओर्पा. दोऱ्यांना रोपं ती बांधायची, ओल्या दोऱ्या ओढायचीही तीच. हा बाबा घोटाभर पाण्यात उभा राहून समुद्राबद्दल निकाल द्यायचा.

ऑक्टोबरात वारा पडतो. लाट नाही, ढग नाही. ऊन दिवसभर वरच्या पाण्यात मुरतं आणि खालचं गार पाणी वर ढवळायला कोणी नसतं. म्हणून सगळं गाव दोऱ्यांना बांधलेल्या तरंगत्या बाटल्यांत पाणी भरून दोऱ्या खाली बुडवतं.

"मीही बुडवते," ओर्पा म्हणाली. "वरचं पाणी तापलंय. बियाण्याची दोरी गेली तर पुढच्या हंगामाला लावणार काय?"

"तापलंय? अगं, समुद्र तेदुह आहे!"

तेदुह म्हणजे शांत. झाडाखालच्या गार सावलीलाही हाच शब्द. मेसाखने आयुष्यभर दोन्ही अर्थ एकाच पिशवीत कोंबले होते.

"सावलीत कोणी भाजलंय का कधी?" तो म्हणाला.

"समुद्रावर सावली कुठे दिसली तुम्हाला? जरा कमरेपर्यंत तरी उतरा."

"मला शिकवू नकोस. दोऱ्या बुडवल्या तर वर काहीच दिसणार नाही, लोक म्हणतील, नाल्लेकडे काही पिकतच नाही."

म्हणजे खरं दुखणं हे होतं. ओर्पाने त्याच्या नाकावर टिच्चून दोऱ्या बुडवल्या आणि आजारी आईकडे पलीकडच्या कुपांग शहरात गेली.

परत आली तर बाटल्या ओळीने वर चमकत होत्या. पठ्ठ्याने एकेक रिकामी करून ठेवली होती. त्यासाठी मात्र तो गळ्यापर्यंत पाण्यात उतरला होता. शेवाळाच्या फांद्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या, बोट लावलं की तुटत होत्या. बियाण्याची दोरीही तशीच.

"समुद्राने दगा दिला," मेसाख म्हणाला.

ओर्पाला रागसुद्धा आला नाही, नुसती किळस आली. ती तडक शेजारच्या डोर्कासकडे बियाणं मागायला गेली.

"ने की गं, हवं तेवढं," डोर्कास म्हणाली. "फक्त त्याचा हात लागू देऊ नकोस."

निदान रीत म्हणून नवऱ्याची बाजू घ्यावी, असं ओर्पाच्या मनात आलं. तिने तोंड उघडलं.

"नाही लागणार," ती म्हणाली.