‘नको’ म्हणताच निघून जाणारे वाढपी : चौसाळा ते संभाजीनगर

गाडीतून सगळ्यात आधी उतरल्या त्या पोरीच्या आई, शोभाताई. बघून बघून पाय टाकत होत्या, कारण आमचं अंगण म्हणजे शेळ्यांचं, आणि पाहुणे यायचेत म्हणून शेळ्या काही लेंड्या टाकायच्या थांबत नाहीत. मागून त्यांचे मालक उतरले, रिटायर झालेले, शांत माणूस. शेवटी पोरगी, स्नेहा. माझ्या नातवानं, अमोलनं, ही पोरगी स्वतःच पसंत केलेली. दोघं संभाजीनगरला एकाच ऑफिसात. आता तिचे आईबाप आमचं घर बघायला आले होते.

धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, वर साजूक तुपातला शिरा, सगळं तयार. पण अमोलनं आदल्या दिवशीच आम्हाला तंबी दिलेली. शहरातल्या माणसांना आग्रह आवडत नाही म्हणं. एकदा विचारायचं, नको म्हणाले की गप उचलायचं. माझ्या सुनेनं ताट पुढं केलं, शोभाताई म्हणाल्या, “नको, आत्ताच खाऊन निघालो,” आणि सुनेनं ताट उचललं. पोरीचे वडील त्या ताटाकडं स्वयंपाकघराच्या दारापर्यंत बघत राहिले, एवढं माझ्या ध्यानात आहे. अर्धा चहा पिऊन माणसं उठली. नंतर तीन आठवडे फोन नाही.

मग कळलं की शोभाताई या सोयरिकीला नाही म्हणतात. कावून, ते काही सांगत नाहीत. अमोल म्हणाला शेळ्यांचा वास. सून म्हणाली पत्र्याचं घर. शेजारची सखू म्हणाली आक्का तुझी मिश्री. ज्याला जे वाटलं ते त्यानं सांगितलं आणि पोरगं तिकडं वाळत चाललं. शेवटी स्नेहानंच तोड काढली. घरात नको, हॉटेलात भेटू, एकदा सगळे मिळून जेवू, मग आई काय म्हणेल ते शेवटचं. माझा लेक बबन आणि सून दोघांना निघता येईना, दोन शेळ्या व्यायला टेकल्या होत्या. तेव्हा घरातलं वडीलधारं माणूस म्हणून मी निघाले. दुसरीपर्यंत शिकलेली बाई, पोराची सोयरीक वाचवायला हॉटेलात जेवायला चालली. हे सगळं मी बोलते आणि माझी नात पूजा मोबाईलवर लिहिते, म्हणजे कुठं काना मात्रा चुकली तर तिला बोला.

तुम्हाला जायचं असेल तर चौसाळ्याहून सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं गाडीत बायाच बाया, आणि बसायला जागा मिळाली तर ती आपल्या नशिबानं. रस्ता आता लई चांगला झालाय. पहिलं मांजरसुंब्याचा घाट उतरेपर्यंत माणसाचं बसल्या जागी पीठ व्हायचं. बीडच्या स्टँडजवळ गाडी बदलायची आणि तिथं सुशीला खायची. मुरमुऱ्याची, वर शेंगदाणे, हिरवी मिरची, लिंबू. गाड्यावरच्या बाईनं मला कागदावर दिली आणि मी खात असतानाच विचारलं, “घे की मावशी अजून, गरम हाय.” मी नको म्हणाले तरी तिनं पळीभर टाकलीच. पोट भरलं आणि मनही भरलं. पुढं गेवराई, मग शहागडला गोदावरीचा पूल. गाडीतल्या सगळ्या बायकांनी हात जोडले, मीही जोडले, आणि सोयरिकीचं तेवढं बघ म्हणाले. पाचोडला चहा. चहा नुसताच गोड, पण गाडीत बसून आंबलेल्या माणसाला तोही बरा लागतो.

अमोल स्टँडवर न्यायला आला. पोरगं खरंच वाळलं होतं. मला म्हणाला, आजी, आज रात्री चांगल्या हॉटेलात जाऊ, उद्यासाठी तुला सवय होईल. म्हणजे माझी परीक्षा आधीच घ्यायची होती त्याला.

आता त्या रात्रीच्या हॉटेलाबद्दल सांगते. आत गेलो तर अंधार. मला वाटलं लाईट गेली. अमोल म्हणाला, असंच असतं. मग वाढपी आला, काळा कोट घालून, नवरदेवासारखा, आणि खाली वाकून विचारतो, “आजी, स्टार्टरमध्ये काय घेणार?” आमच्या विहिरीवरच्या मोटरीचं स्टार्टर दोन महिन्यांत दोनदा जळालंय, सोयरीक सोडली तर घरात सध्या तेवढाच एक विषय. मला वाटलं याला कुणी सांगितलं. मी म्हणाले, “बाबा, स्टार्टर घरी बबन बघंल, तू आधी जेवायला आण.” शेजारच्या टेबलावरची माणसं हसली. अमोल आधी लाजला आणि मग तोही हसायला लागला, लई दिवसांनी. तेवढ्यासाठी त्या हॉटेलाचे पैसे वसूल झाले म्हणायचे.

पनीर आलं. पनीर म्हणजे फाटलेलं दूध. आमच्यात दूध फाटलं तर सुनेला बोलणी बसतात, इथं त्याचे तुकडे करून काडीला टोचून आणतात आणि माणसं वा म्हणतात. पण खरं सांगते, चव चांगली होती. मऊ होतं, माझ्या दातांना झेपलं. तंदूरची रोटी मात्र गरम आहे तोवर रोटी, नंतर चप्पल. भाजी वाटीभर आणि नाव हातभर. माणसं मात्र मोठी प्रेमळ, त्या कोटवाल्यानं मला जिना उतरताना हात दिला, कुठल्या गावच्या म्हणून विचारलं. तो आमच्याच बाजूच्या नायगावचा निघाला. आईला भेटायला दिवाळीनंतर गेलाच नाही म्हणाला. मी त्याला चार शब्द सुनावले आणि डोक्यावरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी थाळीचं हॉटेल. माणशी साडेतीनशेच्या आसपास, पाहिजे तेवढं खा. आत भरपूर उजेड, भिंतीला आरसे, आणि वाढपी सगळे लाल फेटे बांधून. त्यांचा मुकादम मधोमध उभा राहून नुसती बोटं दाखवायचा. दोन बोटं की डाळ, अंगठा आडवा की पोळी. मला आमचा शेळ्यांचा बाजार आठवला. तिथं व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करतात, शेजारच्याला भाव कळत नाही. मी अमोलला म्हणाले, हा माणूस बाजारात असता तर बंगला बांधला असता.

शोभाताई आल्या. हिरवं पातळ, चेहरा बंद. मी त्यांना काय म्हणून हाक मारावी हेच मला कळेना. विहीणबाई म्हणावं तर अजून काही ठरलेलं नाही, ताई म्हणावं तर माझ्या लेकीच्या वयाच्या. मी नुसतंच “या, बसा” म्हणाले. त्या “नमस्कार आजी” म्हणाल्या आणि पाण्याचा ग्लास सरळ करत बसल्या. स्नेहा आणि अमोल समोरासमोर, दोघांच्या माना खाली. पोरीचे वडील तेवढे खुशीत, ताट येण्याआधीच त्यांनी बाह्या वर केल्या होत्या.

ताट आलं. वाट्या मोजायला लागले आणि सोडून दिलं, एवढ्या. एक पोळी खाल्ली, डाळ प्याले. मग फेटेवाला पुरणपोळीची परात घेऊन आला. मला पुरणपोळी पाहिजे होती. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, काळजीनं घास उतरला नव्हता. पण पहिल्याच विचारण्याला हो म्हणायचं म्हणजे माणूस हावरट दिसतं. मी ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाले, “नको बाबा, पुरे.” आता आमच्याकडं असा हात धरला की वाढणारी बाई बोटांच्या फटीतून पोळी सारते. हा फेटेवाला मान हलवून पुढं गेला. मला वाटलं परत येईल. आला, पण कढी घेऊन. मी परत हात धरला, तो परत गेला. मग भात. मग जिलेबी. पाहिजे तेवढं खा म्हणणाऱ्या हॉटेलात मी अर्धपोटी बसलेली, आणि पोरीच्या वडिलांची तिसरी पुरणपोळी चाललेली. त्या माणसानं पूर्ण वेळात एकदाही नको म्हटलं नाही.

तेवढ्यात माझं लक्ष समोर गेलं. शोभाताईंचा हात ताटावर आडवा. फेटेवाला त्यांच्यापुढून परात घेऊन निघालेला, आणि त्यांचे डोळे त्या परातीच्या मागं मागं. माझ्यासारखेच.

मी म्हणाले, “बाई, तुमी बी उपाशी हायेत व्हय?”

शोभाताईंनी माझ्याकडं बघितलं. आणि त्यांच्या तोंडून शहरातली भाषा गळून पडली.

“उपाशीच हाय. अन् तुमच्या दारात आलते तवा बी उपाशी होते. पोरीचं घर बघायला जायचं म्हणून सकाळपासून चहावर. एकदा नको म्हणलं, तर तुमी ताट उचललं. माझ्या माहेरात, घाटनांदूरला, परक्या माणसाला बी दोनदा विचारत्यात. मला वाटलं ह्यांना आमचं येणंच नको हाय. मग पोरगी कशी देऊ?”

अमोलचा घास हातातच राहिला. ना शेळ्या, ना पत्रे, ना माझी मिश्री. मी त्याच्याकडं बघितलं नाही. खुर्ची मागं सारली, उठले, आणि फेटेवाल्याच्या हातातली पुरणपोळीची परात घेतली. तो म्हणाला, “आजी, आम्ही वाढतो ना, तुम्ही बसा.” मी म्हणाले, तुला वाढता येत न्हाई लेकरा, बघ आता. मुकादमानं लांबून बोटं दाखवली, कुणी त्याच्याकडं बघितलं नाही.

शोभाताईंनी हात आडवा धरला. मी बोटांच्या फटीतून पोळी सारली.

“नको हो, बस.”

“ही तुमची न्हाई, पोरीच्या नावाची हाय.”

“अहो खरंच पुरे.”

“अर्धी खावा, अर्धी टाका. आमच्याकडं टाकलेलं खायाला शेळ्या हायेत.”

त्या हसल्या. हसताना तोंडावर पदर धरला, अगदी आमच्याकडच्या बायकांसारखा. मी तूप मागवलं, धार धरली, त्या बस बस म्हणत होत्या आणि बस म्हणताना ताट पुढं सरकवत होत्या. मग त्यांनी माझ्या हातातली परात घेतली आणि मला खुर्चीवर बसवलं. म्हणाल्या, आता तुमी हात धरा. मी धरला. दोन पोळ्या आल्या. आजूबाजूची टेबलं जेवायची थांबून बघत होती आणि ज्याची परात गेली तो फेटेवाला भिंतीला टेकून हसत होता.

तेव्हा अमोलनं धीर करून सांगितलं की आग्रह करू नका असं त्यानंच घरी बजावलं होतं. आजीची चूक नाही, आईची नाही. शोभाताईंनी त्याच्याकडं बघितलं, वरपासून खालपर्यंत, आणि तुपाचं भांडं त्याच्या ताटाजवळ नेत म्हणाल्या,

“जावईबापू लईच शिकलेत.”

शब्द निघून गेला आणि मग त्यांना कळला. स्नेहाला ठसका लागला. तिच्या वडिलांनी जेवता जेवता पहिल्यांदाच तोंड उघडून सांगितलं, “झालं मग. जिलेबी मागवा.”

संध्याकाळच्या गाडीनं मी परत आले. त्यांनीच स्टँडवर सोडलं. गाडी सुटेपर्यंत शोभाताई खिडकीशी उभ्या होत्या, आणि जाताना त्यांनी हाक मारली ती विहीणबाई म्हणून, आजी नाही. गेवराईपर्यंत मी ती हाक मनात घोळवत बसले. शेजारच्या बाईला वाटलं माझी तब्येत बिघडली.

घरी आल्यावर सखू विचारत होती, हॉटेलं कशी असतात. मी म्हणाले चांगली असतात. अंधाराचं जरा जास्त महाग, उजेडाचं बरं. पनीर एकदा खाऊन बघावं. थाळीच्या हॉटेलात गेलात तर पहिल्याच विचारण्याला हो म्हणा, लाजू नका, तो माणूस आपला कुणी नाही आणि त्याला दहा टेबलं सांभाळायची असतात. त्याचा काही दोष नाही. विचारतो, एवढंच त्याचं काम. घरातल्या माणसानं मात्र तसं करून चालत नाही, आणि ते पोरांना पुस्तकातून कसं कळावं. अमोलला मी काही बोलले नाही. त्याच्या आईनं पुरेसं बोलून घेतलंय. एक शेळी त्याच रात्री व्याली, दोन करडं, दोन्ही पांढरी. दुसरी अजून टेकलेलीच आहे.

काल शोभाताईंचा फोन होता. चतुर्थीला लिंबागणेशला दर्शनाला येणार आहेत, तिथूनच आमच्याकडं येते म्हणाल्या. मी म्हणाले चतुर्थीला नको, तुमचा उपास, माझाही उपास, चंद्र निघेपर्यंत नुसतं एकमेकींची तोंडं बघत बसायचं. त्या बरं म्हणाल्या. मी म्हणाले मुक्काम लिंबागणेशला करा नाहीतर बीडला करा, पण उपास सोडून या. तेव्हा असं ठरलंय की सगळे पंचमीला येणार, सकाळी, म्हणजे येत्या शनिवारी.