बुडबुडा न आलेली ट्यूब

सायकलच्या दुकानातले दादा म्हणजे पंक्चर पकडण्यात नंबर एक! ट्यूब पाण्याच्या टबात बुडवायची, हळूहळू फिरवायची आणि सुईच्या टोकाएवढ्या भोकातून आलेला बुडबुडाही बोटाखाली दाबायचा, हा त्यांचा हातखंडा. शेजारी धाकटा भाऊ ठिगळं चिकटवायचा.

पण नर्सबाईंच्या सायकलीनं दादांची पार भंबेरी उडवली. मागचं चाक मऊ झालं म्हणून बाई सकाळी यायच्या. दादा ट्यूब काढून हवा भरायचे, पाण्यात फिरवायचे, पण बुडबुडा म्हणून नाही! ट्यूब परत बसवली की ड्यूटीच्या घाईत बाई पिशवीतून बोटाएवढं गॅसचं नळकांडं काढायच्या, फुस्स करून चाक टणक करायच्या आणि पळायच्या. दुसऱ्या सकाळी चाक पुन्हा मऊ.

“अहो, भोक नाही तर हवा जाते कुठे? चाक गिळतं का?” बाई वैतागल्या.

दादांनी वॉल्व्ह बदलला, टब उजेडात ओढला, चष्मा पुसपुसून पाहिलं. शेवटी धाकट्यानं ट्यूब हातात घेतली आणि लगेच म्हणाला, “हा काय दादा, इथे येतोय की बुडबुडा!” ठिगळ लावून मोकळाही झाला.

आपल्याला कसा दिसला नाही, दादा विचारात पडले. डोळे गेले म्हणजे धंदा गेला! त्या दिवसापासून टबापाशी धाकटा बसला आणि दादा कोपऱ्यात ब्रेक आवळू लागले. ठिगळ लावूनही बाईंचं चाक बसतच होतं, पण आता दादांना विचारतो कोण? “दुकान त्याच्याच नावावर करून टाकू,” ते बायकोला म्हणाले.

मग बाईंची नळकांडी संपली. दादांनी पंपानं हवा भरून दिली, आणि काय आश्चर्य, चाक आठवडाभर टणक! बाई नळकांडी विकणाऱ्याशी भांडायला गेल्या आणि हसत परत आल्या.

“दादा, भोक नव्हतंच हो! नळकांड्यातला गॅस म्हणजे सोड्याच्या बाटलीतला. चहात साखर विरघळते तसा तो रबरात विरघळतो आणि पलीकडून बाहेर पडतो. साधी हवाही जाते, पण फार हळू.”

“अख्ख्या रबरातून? भोकाशिवाय?” दादांनी ट्यूब काढली, ताणली, उजेडात धरली. डोकं नुसतं गरगरायला लागलं. “मग बुडबुडा?”

“तो कुणालाच दिसला नसता.”

दादांचा जीव भांड्यात पडला. डोळे शाबूत होते! तेवढ्यात बोटांना ते ठिगळ लागलं. ते धाकट्याकडे वळले.

“मग तुला काय दिसलं रे?”

धाकटा टबातलं पाणी ढवळत राहिला. “काहीच नाही,” तो पुटपुटला. “एकदा तरी तुझ्याआधी मला दिसावं असं वाटलं, दादा.”

दादांना त्याच्यावर ओरडायचं होतं, पण ते टबापाशी त्याच्या शेजारी जाऊन बसले.