शिवदासच्या चुकांचा डबा

तुयेच्या आमच्या काजू कारखान्यात शिवदास फिटर होता आणि मी कारकून. हा माणूस कधी चुकत नाही, अशी त्याची ख्याती. ती त्यानं स्वतःच जिवापाड जपली होती. गोवा राज्य होऊन दोन वर्षं झाली होती, गावात कोकणी-मराठीचा वाद अजून धुमसत होता, आणि शिवदास दोन्ही भाषांत चूक कबूल करायचा नाही.

मागच्या खोपीत दार लावून त्यानं काजू फोडायचं यंत्र बनवलं. सालीच्या तेलानं काजू फोडणाऱ्या बायकांचे हात काळे पडत, ते थांबावं म्हणून. आमचे मालक जयराम पात्रांव खूश झाले, पण खर्चानं घाबरलेही. संशोधन म्हणून आयकरात सूट मिळाली तरच बारक्या बियांचं दुसरं यंत्र करायचं; नाहीतर खोप बंद आणि शिवदास पुन्हा दुरुस्तीवर, असं त्यांनी सांगून टाकलं.

म्हापशाहून सुलोचनाबाई आल्या. त्या आमचं आयकराचं काम बघत. पात्रांवांनी छाती फुगवून सांगितलं की, आमच्या शिवदासनं पहिल्याच फटक्यात यंत्र केलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

“मग सूट नाही मिळायची,” त्या म्हणाल्या. “जमेल की नाही ठाऊक नसताना करून पाहिलं, फसलं, का फसलं ते शोधलं, तर ते संशोधन. पहिल्याच फटक्यात जमलं ते नुसतं काम.”

कौतुक असं अंगाशी आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. शिवदास लालबुंद होऊन निघून गेला. मला वाटलं, बसला रुसून. पण तासाभरात तो घरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आला. आत यंत्राची अकरा वाकडी पाती, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली: तारीख, किती गर फुटले, का फुटले.

“बाई, हांव अकरा फावटीं चुकलों,” तो सगळ्यांसमोर म्हणाला. अकरा वेळा!

मला त्याचा भारी अभिमान वाटला, आणि हसूही आवरेना. चिठ्ठ्या अर्जाला जोडल्या; यथावकाश सूट मिळाली.

आता झाकण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून दुसऱ्या यंत्राच्या वेळी शिवदासनं खोपीचं दार उघडंच ठेवलं. पहिल्याच दिवशी गराचा भुगा झाला. पंधरा वर्षं हातानं काजू फोडणारी पद्मावती दारात उभी राहून बघत होती. बी आडवी कशाला धरता, उभी धरा, असं तिनं सुचवलं. शिवदासनं उभी धरली. गर अख्खा बाहेर आला.

इतके दिवस का नाही सांगितलंस, असं त्यानं जरा रागानंच विचारलं.

“दार बंद आसलें,” पद्मावती म्हणाली.