मिरच्यांची राखण

वाळत घातलेल्या मिरच्यांचा तिखट वास आला की मला अमेरिकेतल्या अर्विंगमधल्या आमच्या बिल्डिंगचा पार्किंग लॉट आठवतो. पंच्याऐंशी सालचा उन्हाळा, लग्न होऊन मी नुकतीच तिथे गेलेली. नवरा कामावर गेला की दिवसभर करायचं काय, हाच प्रश्न. टेक्ससचं ते कडकडीत ऊन फुकट जाताना बघून जीव तळमळायचा, पण "इथे वाळवण-बिळवण नको, लोक हसतील," असं नवऱ्याने बजावलं होतं. एका सकाळी खाली बघते तर शेजारची कोरियन आजी मुलाच्या बंद पडलेल्या गाडीच्या बॉनेटवर चादर पसरून मिरच्या वाळत घालत होती! मी तडक साबुदाणा शिजवला आणि त्याच गाडीच्या टपावर प्लॅस्टिक अंथरून पापड्या घातल्या. इंग्लिश दोघींनाही येत नव्हतं. ती कोरियनमध्ये बोलायची, मी मराठीत, आणि पाळीपाळीने आम्ही पाखरं हाकायचो. अर्धओल्या पापड्या ती मिटक्या मारत खायची. तिसऱ्या दुपारी माझा डोळा लागला आणि गडगडाटानेच जाग आली. धावत खाली गेले, तर आजी जिन्यात उभी, माझं प्लॅस्टिक चारी टोकांनी छातीशी धरून. पापड्या कोरड्या होत्या. तिच्या मिरच्या मात्र पार्किंग लॉटमध्ये पाण्यावर तरंगत होत्या. परवा मुलीचा फोन आला, नोकरीसाठी ती नुकतीच कोरियात गेली आहे. "आई, फॉरेनरने इथे वीकेंडला करायचं तरी काय?" मी म्हटलं, "आधी शेजारी कुणाच्या मिरच्या वाळतायत ते बघून ठेव. आभाळ भरून आलं की धावत जा."