बिननावाच्या बाटलीचा पहिला घोट

आमच्या गल्लीत लग्न असो, बारसं असो की नुसता रविवारचा मटणाचा बेत, गणपतरावांनी पास केल्याशिवाय बाटली फुटत नसे. पलटणीतून हवालदार म्हणून रिटायर झालेला माणूस. बायकोला घाबरणारा, पण बाटलीसमोर बसला की न्यायाधीश. आधी बशीत झाकणभर दारू ओतून काडी लावायची, ज्योत निळी आहे का बघायची. मग एक घोट घ्यायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक अक्षरं मोठ्यानं वाचायची. तिथी, नक्षत्र, उपवास. सगळं नीट वाचता आलं की म्हणायचे, "घ्या."

या सोहळ्याला आम्ही चिक्कार हसायचो. पण त्यांच्या धाकट्या भावासमोर, पिराजीसमोर, कुणाची हसायची छाती नव्हती. पिराजी शिरोलीला फाउंड्रीत होता. एक्याण्णव साली पाळी सुटल्यावर चौघांनी कुठल्याशा अड्ड्यावरची दारू घेतली. दोघे गेले. पिराजी वाचला, डोळे मात्र गेले. तेव्हा गणपतराव सीमेवर होते, त्यांना रजा मिळायला महिना लागला. आले ते ही कॅलेंडरची रीत घेऊनच आले म्हणा ना. दुसऱ्या कुणाचे डोळे जाण्याआधी आपले जावेत, असा सरळ हिशेब होता त्यांचा.

दोन हजार सहाच्या थंडीत त्यांचा जावई राजवीर आला. बोटीवर नोकरी करायचा. सासऱ्यासाठी परदेशातून बाटली आणली होती, लाकडी खोक्यातून. इंग्रजी वाचायला मला बोलावलं, शेजारी म्हणून आणि फुकट्या म्हणूनही. मी वाचलं. सिंगल माल्ट व्हिस्की, अठ्ठावन्न टक्के अल्कोहोल. बनवणाऱ्या कारखान्याचं नाव मात्र कुठंच नव्हतं. राजवीर म्हणाला की ते मुद्दाम लपवतात, त्यातच मजा असते.

गणपतरावांचा चेहरा उतरला. "पिराजीनं घेतली तिच्यावर बी नाव न्हवतं," कोपऱ्यात बसलेल्या पिराजीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू ते म्हणाले.

त्यांना भीती वाटत होती, हे स्वच्छ दिसत होतं. पण जावयानं हौसेनं आणलेली वस्तू परत कशी करायची? आणि आपण नाही म्हटलं तर पोरगा स्वतः पिणार, हेही होतंच. त्यांनी बशीत ओतून काडी लावली. भडका एवढा उठला की त्यांची बायको झुंबरबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. मग बूच नाकाशी नेलं तर ओल्या गोवऱ्यांचा धूर आणि दवाखान्यातल्या पट्टीचा वास. राजवीर समजावत होता की दलदलीतली माती वाळवून जाळतात आणि तिच्या धुरावर सातू सुकवतात. माती जाळून दारू करणाऱ्या लोकांवर गणपतरावांचा काडीचा विश्वास बसला नाही.

पाणी न घालता त्यांनी घोट घेतला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. छातीपर्यंत जाळ गेला असावा, कारण शर्ट मुठीत धरला होता. झुंबरबाई पदराचा बोळा तोंडाशी धरून उभ्या. मीही माझा ग्लास हळूच मागं सरकवला, खोटं कशाला बोलू. कॅलेंडरकडं बघत गणपतराव वाचू लागले. "शुक्रवार... पौष... संकष्टी..."

आणि गच्च अंधार झाला.

आमच्या भागाचं लोडशेडिंग सकाळीच उरकलं होतं, त्यामुळं आता लाईट जाईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आतली खोली, खिडकी नाही.

"झुंबर," गणपतराव ओरडले, "मला दिसंना!"

लाईट गेलीय, एवढंच सांगायचं होतं. पण माझ्या आधी पिराजी उठला. त्याला उजेड काय आणि अंधार काय. भावाचं ओरडणं तेवढं त्याला कळलं. चाचपत गेला आणि त्यानं गणपतरावांचा उजवा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"आण्णा, भिऊ नगासा. ह्यो माझा हात हाय. सोडू नगा," तो म्हणाला. "पयल्या दिशी कुनाचा तरी हात लागतोय. मला कुनाचा गावला न्हवता."

पंधरा वर्षांत पिराजी त्या दिवसाबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. आता थांबेना. पहाट झाली की कोंबडा सांगतो, म्हणाला. भिंत डावीकडं ठेवून चालायचं, मोरीपर्यंत मी नेतो. लोक रडतील, त्यांना रडू द्यायचं. आमच्यापैकी कुणाच्याच तोंडून ते दोन शब्द निघेनात.

लाईट आली. कॅलेंडर समोर लख्ख दिसत होतं. पिराजी मात्र अजून बोलतच होता, आणि त्याच्या बंद पापण्यांखालून धार लागली होती. गणपतराव त्याच्याकडं बघत राहिले.

"पिराजी," शेवटी त्यांनी सांगितलं, "दिसतंय मला. लाईट गेलती."

 पिराजी ओशाळल्यासारखा हसला. "मग सोडा की हात."

"न्हाय सोडत."

राजवीरनं बाटली खोक्यात घालून ठेवली. झुंबरबाईंनी ताटं वाढली. जावई समोर, पंगतीला आम्ही चारचौघं, आणि गणपतराव सगळ्यांच्या देखत डाव्या हातानं जेवले.