मळ्यातली राजकन्या

कुणाच्याही घरात शिरण्याआधी ती गल्लीच्या तोंडाशी थांबायची. चपला काढून पिशवीत टाकायची, उजव्या हाताचं बोट हनवटीखाली लावायची आणि हनवटी वर उचलायची. दुसऱ्याच कुणाची उचलावी तशी. मग माझ्याकडे न बघता म्हणायची, "हनवटी खाली गेली का मुकुट पडते, मास्तर. चाला."

मी पेटी खांद्यावर घेऊन तिच्या मागं चालू लागायचो.

मास्तर मी नावाचाच. मंगरूळपीरला गावाबाहेर आमचा भाजीपाल्याचा मळा होता. भजनी मंडळात मी पेटी वाजवायचो, एवढ्यावरून लोक मला मास्तर म्हणत. ती आमच्याकडे निंदायला, भाजी तोडायला यायची. नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत एकटीच राहायची. वय पस्तिशीच्या आसपास. नवरा होता असं ऐकलं होतं. तिनं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. तिचा बाप कलापथक घेऊन गावोगाव फिरायचा आणि लहानपणी ती त्यात कधी म्हातारी, कधी फौजदार, कधी शाळेत निघालेली पोर व्हायची. बाप गेला, कलापथक मोडलं. पण मळ्यात वांगी तोडतानासुद्धा ती एखाद्या बाईची नक्कल अशी करायची की बाकीच्या बायका सरीतच बसकण मारायच्या.

केक कापून वाढदिवस करणं त्या काळी आमच्याकडे नवीनच होतं. गावातल्या एका कापडवाल्या शेठजींनी नागपूरला नातलगाच्या घरी एक नवल पाहिलं. तिथं वाढदिवसाला राजकन्या आली होती, मुकुट घातलेली, गाणं म्हणणारी. बरोबर गेलेल्या त्यांच्या पाच वर्षांच्या छबूनं घरी येऊन हट्ट धरला, मलाही राजकन्या पाहिजे. शेठजी माझ्यापाशी बोलले. मी हिच्यापाशी बोललो.

"मी? राजकन्या?" ती विळा हातात धरून हसली. मग हसणं थांबलं. "कपडे कोण देईन?"

कपडे तिचे तिनंच मिळवले. गावातल्या बँडवाल्यांनी त्या साली निळे कोट शिवले होते. त्यांचे जुने लाल मखमलीचे चार कोट तिनं मागून आणले, उसवले आणि घेरदार झगा शिवला. पितळी गुंड्या तोडल्या तिथं भोकं पडली होती, त्यांवर टिकल्या लावल्या. तुपाच्या डब्याचा पत्रा कापून मुकुट केला. तुम्ही जवळून पाहिलं असतं तर पाठीवर बँडच्या नावाची पुसट अक्षरं दिसली असती. पण पोरं पाठीकडे बघत नाहीत.

त्या पहिल्या वाढदिवशी छबूनं तिला विचारलं, "तुझे पाय असे काहून फाटले?"

"वनवासातून पायी आली न मी. लय काटे होते."

"आन् घोडा?"

"घोडा यष्टी स्टँडवर बांधला. इठी आणला तर तुह्या केकाले तोंड लावते."

पोरं हसून लोळली. मी पेटीवर सूर धरला, तिनं गाणं म्हटलं, गिरकी घेतली. लाल मखमल अशी फुलली की दाराआडच्या बायकाही पुढं सरकल्या.

मग बोलावणी यायला लागली. धनजला, कारंज्याला, किन्हीराजाला, कुठं कुणाच्या नातवाचा वाढदिवस, कुठं शाळेचं संमेलन. आम्ही यष्टीनं जायचो. मुकुट ती मांडीवर घेऊन बसायची, वर फडकं झाकून. कंडक्टर विचारायचा, "काय हाय?" ती म्हणायची, "माहं राज्य."

किन्हीराजाचं मात्र विसरत नाही. तिथं एका मोठ्या घरी कार्यक्रम झाला. मला आत बैठकीत बसवून चहा दिला. तिला ओसरीच्या पार टोकाला, घराबाहेर वेगळ्या ठेवलेल्या पेल्यात पाणी दिलं. ती प्याली. घरातल्या पोरानं तो पेला उचलायला हात पुढं केला, तसा आईनं त्याच्या हातावर फटका मारला. पोरगं रडत राहिलं. काही क्षणांपूर्वी ज्या राजकन्येला ते हात लावून बघत होतं, तिचा पेला का धरू नये, ते त्याला कळेना.

त्यानंतर ती कुणाच्या घरी पाणीही प्यायली नाही. कुणी पोरानं विचारलं तर म्हणायची, "राजकन्येले आज उपास हाय." तिला रोजच उपास असायचा. मी मात्र प्रत्येक घरी चहा प्यायलो. खोटं कशाला सांगू, आमच्या मळ्यातल्या खोपटातही तिच्यासाठी कान तुटलेला वेगळा कप होता. आईनं ठेवला होता, आणि मी तो रोज पाहत होतो.

दुसऱ्या वर्षी छबू आजारी पडली. आधी खेळताना धाप लागायची, मग जिना चढवेना, मग पायांवर सूज आली. नागपूरच्या डॉक्टरांनी हृदयाची झडप खराब आहे म्हणून सांगितलं आणि औषधं देऊन घरी पाठवलं. फाल्गुन उतरणीला लागला होता. एका सकाळी शेठजी स्वतः मळ्यात आले. धोतराचा सोगा हातात धरून बांधावर उभे राहिले आणि मला नाही, तिलाच म्हणाले, "पोरगी तुमचंच नाव घेऊन राह्यली. याल का?"

तिनं हातातली टोपली खाली ठेवली. "येतो न. काहून नाई येणार?"

पुढं महिनाभर रोज दुपारी आम्ही त्या घरी गेलो. ती मागच्या दारानं, मी पुढच्या. खोलीत माझ्यासाठी खुर्ची, तिच्यासाठी दाराजवळ सतरंजी. उन्हाळा तापला होता आणि ती त्या मखमलीत घामानं निथळत असायची. छबू पलंगावर उशांना टेकून बसायची. आडवी झाली की तिला श्वास घेता येत नसे. मी हळू पेटी वाजवायचो, ती बसल्या बसल्या हातांनी नाच करून दाखवायची. छबूची आई, शेठाणी, पलंगाच्या पायथ्याशी. आजी दाराबाहेर जप करत.

एक दिवस छबू गाण्याच्या मधेच म्हणाली, "ए राजकन्या, मी मरून राह्यली का?"

माझा हात पेटीवर थांबला. पोरांच्या कुठल्याही प्रश्नाला तिच्याकडे उत्तर तयार असायचं. घोड्याचं, महालाचं, फाटक्या पायांचं. मी तिच्याकडे बघत राहिलो, आता काय सांगते म्हणून.

तिनं मुकुट काढला आणि सतरंजीवर ठेवला. म्हणाली, "मले माहीत नाई, माय."

शेठाणींनी तोंडाला पदर लावला.

छबू बराच वेळ तिच्या उघड्या डोक्याकडे बघत होती. तेलानं चप्प बसवलेले केस, मुकुटाचा लाल वळ उमटलेलं कपाळ. "तू राजकन्या नाईस न?"

"नाई."

"मंग कोण हायेस?"

"मी मास्तरच्या मळ्यात वांगे तोडतो."

मला वाटलं पोर आता रडेल. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी जागं झालं. "कसे तोडते? काटे टोचत नाईत का?"

दुसऱ्या दिवसापासून ती आपल्या साध्या लुगड्यात यायला लागली. पेटीही नको झाली. मी नुसता बसून ऐकायचो. ती वांग्याच्या देठावरचे काटे चुकवून बोट कुठं घालायचं ते सांगायची. पहाटे पाटाचं पाणी सोडलं की बेडूक कसे वर येतात, मुळ्याच्या वाफ्यात साप निघाला तेव्हा माझा मोठा भाऊ कसा पळाला, धोतर कसं कुंपणात अडकलं. हे ऐकून छबू हसली आणि हसण्यानं तिला खोकला आला. ती सतरंजीवरून कधी उठली आणि पलंगावर कधी बसली, कुणी पाहिलं नाही. पाहिलं असलं तरी कुणी काही बोललं नाही. छबूचा सुजलेला पाय तिच्या मांडीवर होता.

चैत्र लागला तसं छबूनं खाणंपिणं टाकलं. डॉक्टर म्हणाले, निदान चमचाभर रस पोटात जाऊ द्या. शेठाणी चांदीच्या ग्लासात संत्र्याचा रस घेऊन तासतासभर विनवायच्या. पोर दात घट्ट मिटून घ्यायची. एका दुपारी छबूनं डोळे उघडून शेजारी पलंगावर बसलेल्या तिच्याकडे बोट केलं. "हे पेईन तर मी पेतो."

ती पलंगावरून उठायला लागली. "नको छबू, मले उपास हाय."

"तू राजकन्या नाईस, मंग उपास कायचा?"

तेव्हा शेठाणी पुढं आल्या. त्यांनी ग्लास तिच्या हातात दिला. नुसता पुढं केला नाही, तिची बोटं धरून त्याभोवती मिटवली. "प्या बाई," म्हणाल्या, "माह्या लेकरासाठी प्या."

ती एक घोट प्याली. छबूनं उरलेला सगळा रस घेतला. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. दाराबाहेर आजीचा जप थांबला होता, तेही मी ऐकलं.

त्यानंतर आठ दिवस हेच चाललं. रोज एक घोट तिचा, बाकीचा छबूचा. नवव्या दिवशी ती मळ्यातून कोवळं, बोटाएवढं वांगं फुलासकट तोडून घेऊन निघाली, छबूला दाखवायला. मला घरी काम होतं, मी मागून जाणार होतो. ती मागच्या दाराशी पोचली तेव्हा आतून रडण्याचा आवाज येत होता. तिला कुणी आत बोलावलं नाही. माणसं जमत गेली तशी ती मागं मागं सरकत रस्त्यापलीकडे गेली. मी आलो तेव्हा ती तिथंच उन्हात उभी होती. अंत्ययात्रा निघून गेली तरी उभी होती.

तेराव्याला मी त्या घरी गेलो. बैठकीत वीस-पंचवीस माणसं जेवायला बसलेली, आतल्या दारात बायका. बोलता बोलता आजी एकदम मोठ्यानं म्हणाल्या, "चांगली होऊन राह्यली होती पोरगी. त्या बाईनं उष्टं पाजलं अन् घात केला."

कुणी म्हणालं, "घरात घेतलीच काहून?" कुणी माझ्याकडे पाहिलं, कारण तिला त्या घरी मी आणलं होतं. शेठजी जमिनीकडे बघत होते. शेठाणी आतल्या दारात, भिंतीला टेकून. माझ्या तोंडापर्यंत शब्द आले होते. ग्लास कुणी दिला, कुणी विनवलं, आठ दिवस पोरीच्या पोटात जे काही गेलं ते कुणामुळं. मी समोरचं पान संपवलं, हात धुतले आणि घरी आलो.

पुढचं सांगायला फारसं नाही. कारंज्याचं बोलावणं रद्द झालं, मग वाशीमचं. आया आपली पोरं तिच्या वाटेवरून बाजूला ओढायला लागल्या. आठवडाभरात माझा मोठा भाऊ म्हणाला, "उद्यापासून तिले येऊ नको म्हण. लोक आपली भाजी घेऊन नाई राह्यले." सांगायचं काम माझ्याकडे आलं.

तिच्या घरी मी पहिल्यांदाच गेलो. एक खोली, शेणानं सारवलेली, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. मी कसंबसं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"तेराव्याले तुमी तठी होते न, मास्तर?"

"होतो."

"मंग काय बोलले?"

तिनं दोन-चार खडे वेचून बाहेर टाकले. माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे इतका वेळ कधी सरळ पाहिलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "छबूले शेवटी लय तरास झाला का?"

"झोपेतच गेली म्हणतात."

"बसल्या बसल्या?"

"हो."

तिनं मान हलवली आणि पुन्हा तांदळाकडे वळली. मी उभा राहिलो, मग निघालो.

मृग लागायच्या आत ती गाव सोडून गेली. कुणी म्हणालं बडनेऱ्याकडे बहीण असते तिची, कुणी म्हणालं वीटभट्टीवर गेली. मी दिवाळीनंतर एकदा वस्तीत चौकशी केली. तिच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड होतं. शेजारच्या म्हातारीनं मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "आता कायले पाह्यजे तुमाले थे?" मी तसाच परत आलो.

त्या हिवाळ्यात बाजाराच्या दिवशी मी भाजी घेऊन बसलो होतो. शेठाणी समोर येऊन उभ्या राहिल्या. छबू गेल्यापासून त्या घराबाहेर पडत नसत. फार वाळल्या होत्या. मेथीच्या जुडीला हात लावून त्यांनी हळूच विचारलं, "थे बाई कुठी हाय, मास्तर?"

"माहीत नाई, बाई. गाव सोडलं तिनं."

"ग्लास म्या देल्ला होता तिच्या हातात."

"हो."

"तुमी पाह्यलं होतं."

"हो, पाह्यलं होतं."

"माही तर सासू होती समोर. माह्या तोंडातून शब्द नाई निघाला." त्यांनी वर पाहिलं. "तुमी काहून नाई बोलले?"

बाजार गजबजलेला होता. त्या थांबल्या, बराच वेळ थांबल्या. मग त्यांनी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि निघून गेल्या. मागचं गिऱ्हाईक पुढं आलं, भाव विचारायला लागलं, आणि मी भाव सांगितला.