अक्का आणि पाच वाजताची एसटी

२८ नोव्हेंबर २००४, रविवार. सकाळभर गच्चीत बसून अक्कांच्या पातळाला चिकटलेली कुसळं उपटत होते. हे काम मशीनला जमत नाही, आणि कामाच्या बाईंनी पहिल्याच वर्षी "गवताचे कपडे धुणार नाही" असं बजावून ठेवलंय. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. त्यांच्याइतकी अभयारण्यं हिंडलेली आणि एक खेप सोडली तर अभयारण्यातलं एकही जनावर न पाहिलेली दुसरी बाई पुणे जिल्ह्यात सापडायची नाही, हे मी कोणाशीही पैज लावून सांगायला तयार आहे.

याचं कारण साधं आहे. अक्का आपणहून एसटीशिवाय कशानेही जात नाहीत, आणि जनावरं संध्याकाळशिवाय बाहेर पडत नाहीत. सुप्याचं चिंकारांचं रान घ्या, रेहेकुरीचं काळविटांचं घ्या, सगळीकडे परतीची शेवटची गाडी पाचच्या सुमाराला असते आणि हरणांचा दिवस त्यानंतर सुरू होतो. सुप्याचा वनरक्षक एकदा त्यांना म्हणाला होता, "मावशी, हरणं हायती की. पन सांजच्याला येत्यात पान्यावर." अक्का म्हणाल्या, "सांजेला माझी गाडी असते." "मग सांगू का त्यास्नी, जरा लवकर येत जावा म्हनून?" "सांगून ठेवा. पुढच्या महिन्यात मी आहेच." पुढच्या महिन्यात त्या खरोखरच गेल्या, आणि हरणांनी निरोप मनावर घेतला नाही असं सांगत परत आल्या. एक मात्र झालं, जनावर न दिसल्यामुळे जनावराने मागे ठेवलेल्या गोष्टींचा त्यांचा अभ्यास दांडगा झाला. खुरांचे ठसे, ओरबाडलेली सालं, आणि लेंड्या. लेंड्या त्या फिल्म रोलच्या डबीत घालून घरी आणत. एकदा पाहुण्यांनी जेवणानंतर मुखवास समजून डबी उघडली, तेव्हापासून हा संग्रह मी गच्चीवर हलवला.

निघण्याची तयारी आदल्या दिवसापासून. पातळ, त्यावर माझ्या नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, पायात कॅनव्हासचे पांढरे बूट आणि डोक्यावर पंचा. हा अवतार येरवड्याच्या स्टॉपवर उभा राहिला की सिटी बसचे कंडक्टर आदराने बाजूला होतात. पुढे शिवाजीनगर नाहीतर स्वारगेटचा स्टँड. तिथे गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून नॅपकिन टाकून जागा धरायची, यात अक्कांचा हात धरणारं कोणी नाही. धावत्या गाडीच्या तिसऱ्या खिडकीत त्या अचूक नेम मारतात. फक्त गाडीची पाटी वाचायला थांबत नाहीत, त्यामुळे एकदा नॅपकिन नाशिकला गेला आणि अक्का उभ्याने भीमाशंकरला. "नॅपकिनने तरी गोदावरी पाहिली," एवढंच आल्यावर म्हणाल्या.

गाडीतही गप्प बसणं नाही. अक्का टेलिफोन खात्यात होत्या, ट्रंक कॉलच्या बोर्डावर, परगावचे फोन जोडून द्यायला. सगळं तारुण्य कानाला यंत्र लावून गेलं. पुढे गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ निघाले, लोक आपापले नंबर फिरवायला लागले, बोर्ड थंड पडला आणि अक्का दुसऱ्या टेबलावर बसून, दुसऱ्यांचे कागद पुढे सरकवत निवृत्त झाल्या. पण गावं त्यांना अजून लाईनवरूनच ओळखू येतात. घोडेगावच्या स्टँडवर अनोळखी माणसाला त्या सरळ सांगतात, "तुमच्या गावचा आवाज फार बारीक यायचा हो." तो बिचारा घसा खाकरतो. मंचर स्वच्छ, राशीन खरखरीत, आणि शिराळा म्हणजे विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखं. या शिराळ्यावरूनच पुढे चांदोलीला जाता येतं. चांदोलीला यंदा राष्ट्रीय उद्यान केल्याचं वाचल्यापासून अक्कांनी दुसरं काही बोलणं सोडलं होतं. "अभयारण्यं झाली. आता राष्ट्रीय. कराडला बदलायची, शिराळ्याला बदलायची, एक मुक्काम करायचा. पहिल्यांदाच मुक्काम. बघू आता जनावरं कुठं जातात."

आमचे चिरंजीव हिंजवडीला कॉम्प्युटरवर असतात. त्यांनी गाडी घेतली तेव्हा मोठ्या प्रेमाने आत्याला रेहेकुरीला नेलं. एसी लावला, गाणी लावली, अंधार पडेपर्यंत थांबले. काळविटांचा अख्खा कळप समोरून गेला. शिंगवाला नर तर थांबून यांच्याकडे बघत होता म्हणे. घरी आल्यावर चिरंजीव मला म्हणाले, "आई, आत्या काही रिॲक्टच झाली नाही गं." मी अक्कांना विचारलं. म्हणाल्या, "छान होते. पण मधलं सगळं काचेबाहेरून गेलं. भिगवण गेलं, राशीन गेलं. एका माणसाने विचारलं नाही, बाई कुठं निघालात." पुढच्याच रविवारी त्या एसटीने पुन्हा रेहेकुरीला गेल्या आणि काही न बघता खुशीत परत आल्या.

तर काल सुप्याला गाडीत चढताना अक्का पडल्या. गाडी रस्त्याच्या कडेला उतारावर थांबलेली, पहिली पायरी उंच, गुडघा ऐन वेळी फिरला. लोकांनी उचललं, कंडक्टरने पुढच्या सीटवर बसवलं, कोणीतरी सोडा पाजला. घरी येऊन त्यांनी पडल्याचं लपवलं. रात्री पोळ्या लाटायला बसल्या आणि लाटणं उजव्या हातातून डाव्या हातात गेलं, तेव्हा मी मनगट बघितलं. पाव फुगावा तसं फुगलं होतं. डॉक्टर म्हणाले, हाड वाचलंय, गुडघ्यांचं मात्र काही खरं नाही.

आज मी कुसळं काढत असताना मला खाली हॉलमध्ये बैठकीला बोलावलं. चिरंजीव म्हणाले, "इट्स नॉट सेफ. एसटी बंद म्हणजे बंद. चांदोलीचं तर नावच नको. जायचं असेल तर मी नेईन, सुट्टी मिळाली की." सुट्टी त्यांना मिळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नवरा पेपरामागून म्हणाला, "मी धाकटा भाऊ. माझं ती काय ऐकणार?" मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. वाईट बातम्या सांगायचं खातं या घरात माझ्याकडेच असतं.

दुपारी अक्कांच्या खोलीत गेले. "अक्का, एसटी बंद."

"का? संप आहे?"

"तुमची बंद. चांदोलीही नाही."

"डॉक्टर म्हणाले?"

"घर म्हणालं."

"घर म्हणजे कोण? तू?"

मी पातळाची घडी त्यांच्या पलंगावर ठेवली. त्यांनी पट्टी बांधलेला हात त्या घडीवर ठेवला.

"शिराळ्याला कोण मेलं, मंचरला कोणाला मुलगा झाला, सगळं माझ्या कानावरून गेलं बघ. बोला म्हणायचं आणि आपण बाजूला व्हायचं. गाव कसं दिसतं, तिथली माणसं कशी, काही माहीत नाही. तेवढं बघायचं राहिलं होतं."

"मग जनावरांचं काय?"

"जनावरांचं निमित्त गं. एकटी बाई शिराळ्याला चालले म्हणाली की लोक विचारतात, तिथं कोण आहे तुमचं? कोणी नाही म्हटलं तर घरी कळवायला धावतात. जंगल बघायला चालले म्हटलं की वेडी आहे म्हणून सोडून देतात." थोडं हसल्या. "नंतर मात्र जंगलही आवडायला लागलं. तिथंही कोणी तरी कोणाशी बोलत असतं, आणि जोडून द्यायला मधे आपण नसतो."

मी उठले. मला ऑफिसचे कपडे इस्त्री करायचे होते.

"वर चढले की माझं काही अडत नाही," त्या मागून म्हणाल्या. "पहिल्या पायरीचंच काय ते." विनवणी नव्हती त्यात. नंबर लागत नाही म्हणून सांगावं, तसं सांगितलं. तेच मला जड गेलं.

२९ नोव्हेंबर, सोमवार. आज सकाळी मी न्हाणीघरातलं प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल धुतलं, त्याला जुन्या परकराची नाडी बांधली आणि ऑफिसच्या आधी स्वारगेटला गेले. सातारा-कराड गाडी फलाटाला लागली होती. स्टूल दाराशी ठेवलं, त्यावर पाय दिला, मग पायरीवर. चढले. वर उभं राहून नाडी ओढली, स्टूल निमूटपणे माझ्यामागून गाडीत आलं. कंडक्टर बघतच राहिला.

"बाई, कुठं जायचंय?"

"कुठंच नाही. चढून बघतेय."

"आता बघितलंत ना? मग बसा, नाहीतर उतरा. लोकांना चढू द्या."

मी खिडकीपाशी बसले. जरा वेळच. तो दारात उभा राहून ओरडत होता, सातारा, उंब्रज, कराड. इतकी वर्षं पुण्यात राहते, पण या ओरडण्याकडे मी कधी थांबून कान दिला नव्हता. बाहेर ऊन फलाटावर उतरत होतं आणि बसून राहायला हरकत नव्हती. मग ड्रायव्हर चढला, गाडी थरथरली, आणि मी स्टूल नाडीने खाली सोडलं. ते उताणं पडलं. ते सरळ करायला खाली कोणी नव्हतं, म्हणून दांडी धरून तशीच उतरले, गुडघा कुरकुरला. चढणं एकटीला जमतं, उतरताना खाली कोणीतरी हवं, हे तेव्हा कळलं. ऑफिसला गेल्यागेल्या मी शुक्रवार-शनिवारची रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं तर म्हटलं, "जंगल बघायला चालले." त्यांनी पुढे काही विचारलं नाही.